मोनोक्लोनलवर विश्वास कुठवर?

पेशीच्या आत कोणतं काम कधी सुरू व्हावं आणि कधी थांबावं, यातले बरेचसे निर्णय प्रोटीन कायनेज या विकरांच्या हाती असतात. एटीपीवरचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीनवर नेऊन बसवायचा, एवढीच त्यांची क्रिया; पण तेवढ्यानं त्या प्रथिनाचा आकार, त्याची जागा आणि त्याचे सोबती, सगळंच बदलू शकतं. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा अभ्यास करताना ही यंत्रणा उलगडली आणि १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. मानवी जनुकसंचातल्या कायनेजांची यादी २००२ साली प्रसिद्ध झाली, ती ५१८ भरली. ही बहुतेक सगळी एकाच मूळ घडणीची; एटीपी धरणारा खळगा तर एकमेकांशी फारच मिळताजुळता. त्यामुळे पेशी फोडून केलेल्या हजारो प्रथिनांच्या मिश्रणात नेमकं एकच कायनेज शोधायचं, तर प्रयोगशाळा मोनोक्लोनल अँटीबॉडीचा आधार घेतात. माझं म्हणणं असं आहे की, अँटीबॉडी मोनोक्लोनल आहे म्हणजे कुपीतला प्रत्येक रेणू एकसारखा आहे, एवढंच कळतं. कुपीवर ज्या कायनेजचं नाव छापलंय तेच आणि तेवढंच ती तुमच्या नमुन्यात, तुमच्या पद्धतीत धरते का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं; आणि त्यासाठी ते कायनेज मुळात नसलेला नमुना शेजारी ठेवावा लागतो. या म्हणण्यावर संशोधकांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. म्हणून जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीनं आधी पूर्वपक्ष मांडून मगच उत्तर देतो.

पूर्वपक्ष : हा प्रश्न १९७५ सालीच निकालात निघाला. त्याआधी सशाला किंवा बकरीला प्रथिन टोचून तिचं रक्त घ्यायचं, त्यात शेकडो प्रकारच्या अँटीबॉडीज असायच्या, आणि ते जनावर मेलं की तसंच मिश्रण पुन्हा मिळायचं नाही. केंब्रिजमध्ये केलर आणि मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि न मरणारी मायलोमा पेशी यांचा संकर केला. एका पेशीची वाढ, एकच अँटीबॉडी, हवी तितकी वर्षं. १९८४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. अशा मिश्र, म्हणजे पॉलिक्लोनल, अँटीबॉडींबद्दल शंका घ्या, रास्त आहे. मोनोक्लोनल हेच तर त्या शंकेचं उत्तर होतं. मग पुन्हा तोच संशय कशाला?

उत्तरपक्ष : केलर आणि मिलस्टीन यांनी सोडवलेला प्रश्न पुरवठ्याचा आणि एकसारखेपणाचा होता, आणि तो त्यांनी अप्रतिम सोडवला. अचूकपणाचा प्रश्न मात्र त्यात आपोआप सुटत नाही. किलोचा छाप असलेली वजनं एकाच साच्यातून काढली की ती एकमेकांशी तंतोतंत जुळतात. साचाच नऊशे ग्रॅमचा असेल तर सगळी सारखीच खोटी निघतात. अँटीबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून पटलावर उतरवण्याच्या पद्धतीत, जिथे एसडीएस या रसायनानं प्रथिनाची घडी उलगडून टाकलेली असते, तिथे ती सलग पाच-आठ अमिनो आम्लांचा एखादा तुकडा धरते. तसाच किंवा जवळपास तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि कायनेजांसारख्या एकमेकांशी साधर्म्य असलेल्या कुळात तर ते अपेक्षितच आहे. पॉलिक्लोनलमध्ये अशी चूक शेकडो अँटीबॉडींमध्ये वाटली जाते. मोनोक्लोनलमध्ये ती झाली तर दर वेळी, दर कुपीत, तितक्याच ठामपणे होते. ठाम आणि पुन्हा पुन्हा तशीच येणारी चूक पकडायला जास्त अवघड असते, कारण प्रयोग कितीदाही केला तरी उत्तर तेच येतं आणि संशोधकाला त्यातच भरवसा वाटू लागतो.

शिवाय 'एक पेशी, एक अँटीबॉडी' हे सूत्रही व्यवहारात तितकंसं शुद्ध राहिलेलं नाही. २०१८ साली १८५ हायब्रिडोमांची, म्हणजे अशा संकरित पेशींची, जनुकं वाचून पाहण्यात आली, तेव्हा त्यांतल्या जवळपास ३२ टक्क्यांत अँटीबॉडीच्या एकापेक्षा जास्त कार्यक्षम जड किंवा हलक्या साखळ्या आढळल्या. म्हणजे मोनोक्लोनल म्हणून विकल्या जाणाऱ्या कुपीत दोन-तीन प्रकारच्या अँटीबॉडी मिसळलेल्या असू शकतात. पेशी वर्षानुवर्षं वाढवताना त्यांची गुणसूत्रं गळतात, काही क्लोन अँटीबॉडी बनवणंच सोडून देतात. यावर उपाय आहे: अँटीबॉडीचा जनुकीय क्रम वाचून ठेवायचा आणि त्यावरून ती दुसऱ्या पेशींत बनवून घ्यायची. या रीकॉम्बिनंट अँटीबॉडीमुळे ओळख कायमची पक्की होते. पण ती ओळख अँटीबॉडीची. ती काय धरते, हे त्यानंही ठरत नाही.

पूर्वपक्ष : प्रयोगशाळेत काम करणारा माणूस इतका भाबडा नसतो. ब्लॉट कशासाठी करतात? प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात. कायनेजचं वजन माहीत असतं. त्या वजनाला एकच स्वच्छ बँड आला, औषध दिल्यावर तो हलला, आणि तीच अँटीबॉडी शेकडो शोधनिबंधांत वापरली गेली असेल, तर आणखी काय पुरावा हवा?

उत्तरपक्ष : योग्य वजनाचा बँड हा पुरावा आहे, पण कच्चा. एरिथ्रोपोएटिनच्या रिसेप्टरचं उदाहरण या क्षेत्रात सुप्रसिद्ध आहे. तो रिसेप्टर कर्करोगाच्या गाठींत असतो, असं दाखवणारे निबंध ज्या अँटीबॉडीवर उभे होते, ती प्रत्यक्षात उष्णताघात प्रथिन ७० धरत होती, हे २००६ साली दाखवलं गेलं. दोघांची वजनं इतकी जवळ की बँडच्या जागेवरून फरक सहज ध्यानात येऊ नये. एरिथ्रोपोएटिन हे रक्तवाढीचं औषध कर्करोगाच्या रुग्णांना द्यावं की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता, म्हणून ही चूक केवळ प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. ती अँटीबॉडी पॉलिक्लोनल होती, हे मान्य. पण वजनावरून नाव ठेवण्याची खोड दोन्हीकडे एकच आहे.

आता कायनेजांमधलंच उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळा प्रश्न तपशिलानं दिसतो. एलआरआरके-२, ज्याला प्रयोगशाळांत बोलताना लार्क-टू म्हणतात, हे २,५२७ अमिनो आम्लांचं आणि सुमारे २८६ किलोडाल्टन वजनाचं अवाढव्य कायनेज. २००४ साली दोन स्वतंत्र गटांनी त्याच्या जनुकातले बदल घराण्यांत चालत येणाऱ्या कंपवाताशी, म्हणजे पार्किन्सनशी, जोडून दाखवले. त्यातला २०१९ व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन आणणारा बदल सर्वाधिक आढळतो आणि तो कायनेजचा वेग वाढवतो. साहजिकच सगळ्यांना पहिला प्रश्न पडला : हे प्रथिन मेंदूत कुठे असतं? कंपवातात मरणाऱ्या डोपामाइन पेशींत असतं का? त्या पेशींत साचणाऱ्या ल्यूई गोळ्यांत असतं का? पुढची काही वर्षं याची परस्परविरोधी उत्तरं छापून येत राहिली. एका अँटीबॉडीनं ल्यूई गोळे रंगत, दुसरीनं रंगत नसत. दोन्ही बाजूंची चित्रं सुरेख होती. मुळात या प्रथिनाचं मेंदूतलं प्रमाण कमी. मूत्रपिंड, फुप्फुस आणि काही पांढऱ्या पेशींत ते भरपूर. जिथे लक्ष्य विरळ असतं तिथे अँटीबॉडीला भलत्याच प्रथिनाला चिकटायला मोकळं रान मिळतं, आणि चित्र रंगीत येतं ते त्या भलत्याच प्रथिनाचं.

वाद मिटायला सुरुवात झाली ती वेगळ्या मार्गानं. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पुढाकारानं उंदीर आणि सशांपासून मोनोक्लोनल क्लोन तयार झाले आणि २०१३ साली त्यांची सविस्तर पारख प्रसिद्ध झाली. तिचा कणा एकच होता : हे जनुक काढून टाकलेल्या, म्हणजे नॉकआउट, प्राण्यांच्या ऊती. अशा ब्लॉटची मांडणी डोळ्यांपुढे आणा. कमी टक्क्यांचं जेल, कारण २८६ किलोडाल्टनचं प्रथिन दाट जेलमधून सरकतच नाही. डाव्या खाचेत वजनांच्या खुणा दाखवणारं लॅडर, त्याची सर्वांत वरची खूण २५० ची. पुढच्या खाचेत साध्या उंदराच्या मूत्रपिंडाचं प्रथिन, त्याच्या लगत तितक्याच मायक्रोग्रॅमचं नॉकआउट उंदराचं. पटलावर बदली करायलाही जास्त वेळ द्यावा लागतो. घाई केली तर मोठं प्रथिन जेलमध्येच अडकून राहतं आणि खालचे तुटके तुकडे तेवढे पटलावर उतरतात. फिल्मवर २५० च्या वर साध्या उंदराच्या खाचेत बँड दिसावा आणि नॉकआउटच्या खाचेत तीच जागा रिकामी असावी. खाली दोन्ही खाचांत सारखेच राहिलेले जे बँड, ते सगळे परके. नॉकआउटची खाच नसती तर त्या परक्यांपैकी एखाद्याला 'एलआरआरके-२ चा लहान प्रकार' असं नाव देऊन त्यावर निबंध लिहिता आला असता, आणि कोणाला तो खोटा ठरवता आला नसता. त्या पारखीत आणखी एक गोष्ट नीट नोंदवलेली आहे : ब्लॉटला उत्तम ठरलेला क्लोन मेंदूच्या छेदांवर उत्तम ठरेलच असं नाही. छेदात प्रथिनं फॉर्मॅलिननं बांधलेली असतात, घडी निराळी, उघडा पडणारा तुकडा निराळा. म्हणून 'ही अँटीबॉडी चांगली आहे' या वाक्याला 'कशासाठी' हे जोडल्याशिवाय अर्थ नाही.

आणि शेकडो निबंधांचा दाखला? निबंधांची संख्या वापर मोजते, पारख मोजत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी निगडित असलेल्या वायकॅरॉस या खुल्या प्रकल्पानं ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ व्यापारी अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर एकसारख्या पद्धतीनं तपासल्या. निष्कर्ष २०२३ साली आले. आपलं लक्ष्य ओळखण्यात नापास ठरलेल्या अँटीबॉडीवर आधारित आकृत्या सरासरी प्रत्येक प्रथिनामागे डझनभर निबंधांत सापडल्या. ब्लॉटमध्ये रीकॉम्बिनंट अँटीबॉडींपैकी सुमारे ६७ टक्के, हायब्रिडोमातून आलेल्या मोनोक्लोनलांपैकी ४१ टक्के आणि पॉलिक्लोनलांपैकी २७ टक्के यशस्वी ठरल्या. म्हणजे तुमचं म्हणणं इतपत खरं आहे की मोनोक्लोनल पॉलिक्लोनलपेक्षा सरस. पण निम्म्याहून जास्त वेळा अपयशी ठरणाऱ्या साधनाला केवळ त्याच्या जातीवरून निर्दोष कसं मानावं?

पूर्वपक्ष : तुम्ही नॉकआउटला अंतिम न्यायाधीश करून टाकलंत. त्याची तरी पारख केलीत का? २०१९ साली क्रिस्परनं केलेले १९३ जनुकछेद तपासले गेले. जनुकात छेद पक्का होता, तरी ज्यांचं प्रथिन मोजता आलं त्यांतल्या जवळपास एक-तृतीयांशांत प्रथिन काही प्रमाणात शिल्लक होतं. पेशी छेद असलेला भाग वगळून संदेश जोडते, किंवा पुढच्या जागेपासून वाचन सुरू करते. मग रिकामी नसलेली खाच पाहून चांगली अँटीबॉडी फेकून द्यायची का? शिवाय पेशीविभाजन चालवणारी काही कायनेजं काढली की पेशीच मरते. तिथे तुमचं नॉकआउट आणणार कुठून?

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो पारखीलाच पारख लावतो. नॉकआउटच्या खाचेत बँड उरला म्हणजे अँटीबॉडी दोषी, असा निकाल लगेच देता येत नाही, हे मान्यच करायला हवं. पण या आक्षेपाची दिशा नीट पाहा. उरलेला बँड शंकास्पद आहे; नाहीसा झालेला बँड तितका शंकास्पद नाही. जनुक काढल्यावर एखादा बँड पूर्ण गेला, तर तो त्या जनुकावर अवलंबून होता एवढं निश्चित. म्हणजे नॉकआउट होकार देतं तेव्हा तो भक्कम असतो, नकार देतं तेव्हा आणखी चौकशी लागते: उरलेला बँड थोडा लहान झाला आहे का, दुसऱ्या टोकाचा तुकडा ओळखणारी स्वतंत्र अँटीबॉडी काय सांगते, मास स्पेक्ट्रोमेट्रीत त्या प्रथिनाचे पेप्टाइड सापडतात का. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं अँटीबॉडी पारखण्याचे पाच मार्ग सुचवले, त्यांत जनुकीय मार्ग हा एक होता. अँटीबॉडीशी संबंध नसलेल्या पद्धतीनं तेच प्रथिन मोजणं, स्वतंत्र दुसरी अँटीबॉडी, खुणेचं शेपूट लावलेलं प्रथिन आणि अँटीबॉडीनं ओढून काढलेल्या प्रथिनांची मास स्पेक्ट्रोमेट्री हे बाकीचे. ज्या कायनेजाविना पेशी जगत नाही, तिथे आरएनए हस्तक्षेपानं ते तात्पुरतं कमी करता येतं. दोन-तीन दिवसांत बँड फिका पडायला हवा, आणि प्रथिन जितकं कमी झालं तितकाच फिका पडायला हवा. मी नॉकआउटचा आग्रह धरतो तो एवढ्यासाठी की, बाकी कशानंही मूळ प्रश्न इतका सरळ विचारला जात नाही : हे प्रथिन नसताना तुला काय दिसतं?

पूर्वपक्ष : पण कायनेजच्या बाबतीत ते आहे की नाही, यापेक्षा ते काम करतंय की नाही हे महत्त्वाचं. त्यासाठी फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडी लागतात. तिथे जनुक काढून काय कळणार? प्रथिनच गेलं तर फॉस्फेटवाला आणि बिनफॉस्फेटचा, दोन्ही जाणार.

उत्तरपक्ष : बरोबर, आणि म्हणूनच तिथे पारखीची एक पायरी वाढते. नॉकआउटनं कळतं की बँड त्या प्रथिनाचा आहे. फॉस्फेटचा आहे का, हे कळायला अर्धा नमुना फॉस्फेटेजनं धुवावा लागतो, किंवा कायनेजचं मारक औषध देऊन पाहावं लागतं. साध्या गोष्टीही आड येतात. ब्लॉटवरची मोकळी जागा झाकायला बहुतेक ठिकाणी दूधपावडर वापरतात. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटनं भरलेलं असतं, त्यामुळे काही फॉस्फो-अँटीबॉडींना तिथे गोंधळ होतो आणि त्यांच्यासाठी दुधाऐवजी बीएसए हे गाईच्या रक्तद्रवातलं प्रथिन घ्यावं लागतं.

एलआरआरके-२ इथेही बरंच शिकवतं. या कायनेजच्या ९३५ व्या सेरीनवरचा फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडीचा फार उपयोग झाला, कारण मारक औषध दिलं की तो फॉस्फेट झटकन उतरतो. पण कंपवाताशी निगडित १४४१ व्या जागेचे बदल घेतले तर कायनेजचं काम वाढतं आणि ९३५ वरचा फॉस्फेट उलट कमी होतो. अँटीबॉडी अचूक, बँड खरा, आणि त्यावरून काढलेला 'कायनेज मंदावलं' हा निष्कर्ष मात्र चुकीचा. डंडी आणि म्युनिक इथल्या गटांनी २०१६ साली या कायनेजचं खरं लक्ष्य रॅब कुळातली लहान प्रथिनं असल्याचं दाखवलं, आणि २०१८ साली रॅब-१० च्या ७३ व्या थ्रिओनीनवरचा फॉस्फेट ओळखणारा सशाचा मोनोक्लोनल आला. त्याच कामात रॅब-८ साठी तयार केलेला एक मोनोक्लोनलही होता, पण तो रॅब-३, १०, ३५ आणि ४३ यांचेही फॉस्फेट धरतो, असं त्याच निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे. या जागेभोवतीची अमिनो आम्लं या सगळ्यांत जवळपास तीच आहेत. मला हा प्रामाणिकपणा आदर्श वाटतो. दोष उघड सांगितल्यानं ती अँटीबॉडी वाया गेली नाही. एकदम अनेक रॅबचा अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते. ज्यानं ती घ्यायची त्याला काय हाती लागणार आहे, हे आधी कळतं.

हे सगळं केवळ शास्त्रीय नीटनेटकेपणासाठी आहे, असं कोणाला वाटू नये. एलआरआरके-२ रोखणाऱ्या गोळ्यांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा औषध पोचलं का आणि किती पोचलं, हे रक्तपेशींतल्या ९३५ वरच्या आणि रॅब-१० वरच्या फॉस्फेटवरून पाहिलं गेलं. न्यूट्रोफिल पेशींत हे मोजताना आणखी एक अडचण येते : पेशी फोडताच तिच्यातली प्रथिनभक्षक विकरं नमुन्याचा फडशा पाडतात, आणि ती रोखायला डीआयएफपी हे अत्यंत विषारी रसायन धूरकपाटात सांभाळून घालावं लागतं. ते घातलं नाही तर एलआरआरके-२ चा बँडच दिसत नाही, आणि दोष अँटीबॉडीच्या माथी जातो. ज्या आकड्यांवरून कंपवाताच्या रुग्णाला किती मिलिग्रॅम द्यायचं ते ठरायचं, ते आकडे अशा बँडमधून येतात.

पूर्वपक्ष : तत्त्व पटलं तरी पैशाचं काय? आपल्याकडे १०० मायक्रोलिटरच्या कुपीला पाच आकडी रक्कम मोजावी लागते. ती परदेशातून बर्फात येते, कधी आठवडे लागतात. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ठरावीक वर्षं आणि ठरावीक अनुदान. त्यानं आधी नॉकआउट पेशी बनवायच्या, मग अँटीबॉडी तपासायची, आणि मग प्रश्नाला हात घालायचा? विकणाऱ्या कंपनीनं तपासून द्यावं. आपण ग्राहक आहोत. नाहीतर ही सगळी शिस्त श्रीमंत प्रयोगशाळांची चैन ठरेल.

उत्तरपक्ष : कंपनीनं तपासून द्यावं ही मागणी योग्यच आहे आणि ती दबावानं पुढे सरकतेही. वायकॅरॉसचे निकाल आल्यावर सहभागी कंपन्यांनी नापास ठरलेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा बाजारातून काढून घेतला आणि सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. पण कंपनी तिच्या पेशींवर, तिच्या पद्धतीनं तपासणार. तुमच्या हातातला नमुना जर रुग्णाच्या गाठीचा किंवा माशाच्या भ्रूणाचा असेल, तर शेवटचा टप्पा तुमचाच राहतो. खर्चाचा हिशेब मात्र मी उलट्या बाजूनं मांडेन. निकृष्ट अँटीबॉडींवर जगभरात वर्षाला ८० कोटी डॉलर वाया जातात, असा अंदाज २०१५ साली शंभरावर शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये मांडला गेला. श्रीमंत प्रयोगशाळा चुकीची कुपी फेकून दुसरी मागवते. जिचं वर्षाचं अनुदान तीन कुप्यांचं आहे, तिला चुकीची कुपी परवडतच नाही. म्हणून आधी पाहून घेण्याची गरज तिलाच जास्त आहे.

आणि प्रत्येकानं आपापलं नॉकआउट बनवावं, असं मी म्हणतही नाही. हे काम सामायिक करण्याजोगं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं पेशीभांडार देशभरातल्या संशोधकांना सेल लाइन पुरवतं. अशा भांडारातून नेहमी लागणाऱ्या काही डझन कायनेजांच्या नॉकआउट पेशी, किंवा त्याहून सोपं म्हणजे त्यांचं फोडून गोठवलेलं प्रथिन, मूळ पेशींच्या जोडीनं मिळू लागलं, तर एका ब्लॉटमध्ये दोन खाचा एवढ्यावर पारख येऊन ठेपते. मुंबईत, पुण्यात, नव्या मुंबईत कर्करोगावर आणि पेशीसंकेतांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत. एकीनं तपासलेल्या क्लोनचा निकाल दुसरीला मिळायला शोधनिबंधाची वाट पाहण्याचं कारण नाही. विद्यार्थ्याच्या हातात आजही फुकट असलेल्या गोष्टी आहेत: क्लोनचा क्रमांक, लॉटचा क्रमांक आणि आरआरआयडी हा ओळखक्रमांक पद्धतीच्या परिच्छेदात लिहिणं, बँड कापून चिकटवण्याऐवजी पूर्ण ब्लॉट लॅडरसकट छापणं, आणि परके बँड दिसले तर ते झाकून न ठेवणं.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. मृत माणसाच्या मेंदूचा छेद समोर आहे. माणसाचा नॉकआउट मेंदू अस्तित्वात नाही. ब्लॉटही नाही, लॅडरही नाही. आहे तो फक्त रंग. तिथे तुमचा नियम काय सांगतो?

उत्तरपक्ष : तिथे नियमाचा आवाका संपतो, आणि तो जितका संपतो तितकाच दावा आवरता घ्यावा लागतो. नॉकआउट उंदराच्या किंवा रॅटच्या मेंदूच्या छेदावर, त्याच स्थिरीकरणानं, तितक्याच विरळ द्रावणात तो क्लोन आधी चालवून बघता येतो. तिथे रंग उरला तर मानवी छेदावरच्या रंगाला अर्थ देता येत नाही. तिथे रंग नाहीसा झाला तरी मानवी मेंदूतली प्रथिनं उंदराहून वेगळी आहेत, ही शंका उरतेच. मग प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला बसणारा स्वतंत्र क्लोन घ्यायचा आणि दोघांचे रंग त्याच पेशींत पडतात का ते पाहायचं. शेजारच्या छेदावर त्याच जनुकाचा आरएनए शोधायचा. त्याच मेंदूच्या गोठवलेल्या तुकड्यात मास स्पेक्ट्रोमेट्रीनं प्रथिन किती आहे ते मोजायचं. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर या पेशीत हे कायनेज आहे असं लिहावं. ती तिन्ही जुळत नसतील, तर चित्राखाली 'एलआरआरके-२' असं न लिहिता 'अमुक क्लोननं दिसलेला रंग' असं लिहावं, आणि क्लोनचा क्रमांक द्यावा.